'फ्युएल आहे, या' म्हणजे नेमकं कुठलं फ्युएल?

सेसना १७२एस, चार जणांचं एका पिस्टन इंजिनाचं विमान. त्याच्या पुस्तकात लीन मिक्श्चरला (हवा जास्त, इंधन कमी) ताशी ३३ लिटरच्या आसपास, आणि उतरल्यावर टाकी मोजली की हिशेब ताशी ४१ चा. इंजिन बिघडलंय की पुस्तक खोटं, हा तुमचा प्रश्न. एवढंच असतं तर मी वाचून पुढे गेले असते, याचं उत्तर देणारे इथे बरेच आहेत. पण शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंय, 'चौघं आहोत म्हणून टाक्या पूर्ण भरणार नाही, किनाऱ्यावर फोन केलाय, फ्युएल आहे म्हणाले.' ते वाचलं आणि हातातला चहा खाली ठेवला. हेच वाक्य मी एकदा बोलले होते. विमान हेच, घाटावरून कोकणात उतरायचं हेच, आणि महिना एप्रिल.

आधी तुमच्या ४१ लिटरचं बघू. इंजिन ठीक आहे, पुस्तकही ठीक आहे. तुम्ही अख्खा क्रूझ, म्हणजे चढून झाल्यावरचं सरळ उड्डाण, फुल रिचवर काढताय, इंधनाचं प्रमाण कमाल ठेवून. 'पाच हजार फुटांखाली लाल नॉबला (मिक्श्चर कमीजास्त करायच्या) हात लावायचा नाही' असं तुम्हाला शिकवलंय, मलाही तेच शिकवलं होतं. तो नियम मुळात चढताना पाळायचा आहे. कुणीतरी तो क्रूझला चिकटवला आणि पुढच्या प्रत्येक बॅचने तसाच पाठ केला. इंजिन बनवणाऱ्या लायकमिंगचं म्हणणं असं की अशा साध्या, टर्बो नसलेल्या इंजिनाला ७५ टक्के किंवा त्याहून कमी पॉवरवर क्रूझमध्ये कुठल्याही उंचीला लीन करता येतं. पुस्तकातले आकडेही लीन केलेल्या मिक्श्चरचेच आहेत, तक्त्याच्या वर बारीक अक्षरात तसं लिहिलेलं असतं. नॉब हळूहळू मागे घ्या, ईजीटीचा (एक्झॉस्टच्या तापमानाचा) काटा चढत जाईल, एका जागी टेकून खाली यायला लागेल. ते टोक लक्षात ठेवून पुन्हा थोडं रिच करा, काटा टोकापासून ५० अंश फॅरनहाइट खाली येईपर्यंत. बस. फुल रिचवर तासन् तास उडून प्लगांवर शिशाची पुटं चढतात ती वेगळीच, मग मॅग्नेटो चेकला (ठिणगीच्या तपासणीला) इंजिन खोकतं आणि बिल आपल्या नावावर.

(मी इंजिनिअर नाही. कार्ब्युरेटरवालं जुनं १७२ किंवा १५२ असेल तर ईजीटीही बहुधा नसेल. तिथे इंजिन खडबडेपर्यंत मागे आणि मग गुळगुळीत होईपर्यंत पुढे. कोकणातल्या दमट हवेत कार्ब हीट (कार्ब्युरेटरात बर्फ धरू नये म्हणून गरम हवा) ओढायला विसरू नका, आणि ती ओढली की मिक्श्चर आणखी रिच होतं हेही. शेवटचा शब्द तुमच्या विमानाच्या पुस्तकाचा आणि शेजारी बसणाऱ्या इन्स्ट्रक्टरचा, माझा नाही.)

आता माझी गोष्ट.

या विमानात वापरता येण्याजोगं इंधन ५३ यूएस गॅलन, म्हणजे २०० लिटर. तेवढं भरलं की १४४ किलो इंधनच होतं आणि चार मोठी माणसं बसत नाहीत. वजनाचा हिशेब तुम्ही केलाच असेल, तो सोडून देते. आम्हीही चौघं होतो: मी, क्लबातली एक मैत्रीण, माझी मावशी आणि काका. म्हणून टाकीतल्या पट्टीपर्यंतच भरलं, दोन्ही मिळून १३२ लिटर. अंतर १५० नॉटिकल मैल. जाताना समोरून पंधरा नॉटचा (ताशी नॉटिकल मैल) वारा, कारण एप्रिलमध्ये दुपार कलली की किनाऱ्यावर वायव्येचा वारा जोर धरतो आणि आम्ही निघालोच होतो उशिरा. ११० चे ९५ नॉट झाले. एक तास ३५ मिनिटं, सगळी फुल रिचवर. उतरल्यावर डिपस्टिक (टाकीत घालून इंधन मोजायची पट्टी) घातली तर ६१ लिटर उरलेलं.

परतीला तोच वारा पाठीशी धरून, लीन करून, तळापासून पुन्हा सह्याद्रीवर चढायचं धरून ४८ लिटर लागणार होतं. त्यावर दिवसाच्या उड्डाणाला राखून ठेवायचं ३० मिनिटांचं रिझर्व्ह, १६ लिटर. झाले ६४. तीन लिटर कमी! जातानाच लीन केलं असतं तर टाकीत ७४ उरलं असतं आणि ही गोष्ट लिहायला विषयच नसता.

तरी मी निवांत होते, कारण दोन दिवस आधी फोन झाला होता. 'फ्युएल मिळेल ना?' 'मिळेल की मॅडम, या.' मिळालंही. पिवळा बाउझर (इंधनाचा टँकर) डौलात आला, अंगावर काळ्या पट्टीत जेट ए-१ लिहिलेलं. एटीएफ, जेट इंजिनाचं इंधन! म्हणजे शुद्ध रॉकेलच. पाइप हातात घेतलेला मुलगा पंख्याकडे बघून घुटमळला आणि म्हणाला, 'मॅडम, हे तुमच्यात चालतं ना? परवा पंखेवाल्यात भरलं होतं.' त्याचं पंखेवालं टर्बोप्रॉप होतं, म्हणजे पंखा फिरवणारं जेटच्या जातीचं इंजिन. आमच्यासारख्या पिस्टन इंजिनात एटीएफ गेलं की पाइपमध्ये उरलेल्या अ‍ॅव्हगॅसवर (विमानाच्या पेट्रोलवर) विमान धावपट्टी सोडतं, थोडं चढतं आणि मग इंजिन बसतं. त्या मुलाला मी आजही दर वर्षी आंब्याची पेटी पाठवते.

चूक माझी. मी 'फ्युएल' विचारलं, त्यांनी फ्युएल आहे सांगितलं. खोटं कोणी बोललं नाही. विचारायचं असतं ते असं: 'अ‍ॅव्हगॅस शंभर एलएल, निळं, पिस्टन इंजिनाचं, आज टाकीत किती लिटर आहे, आणि देणाऱ्याचा नंबर काय?' पूर्वी हे आपल्याकडे आयात व्हायचं. सप्टेंबर २०२२ पासून इंडियन ऑइल वडोदऱ्याच्या रिफायनरीत बनवतं. म्हणून ते प्रत्येक विमानतळावर मिळतं असं मात्र धरू नका.

मग क्लबाने घाटावरून एक बॅरल टेम्पोत घालून पाठवलं. ते दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवर आलं. आणि तिथून विमानापर्यंतच्या चारशे पावलांना दोन दिवस लागले. कुठलं कार्यालय ते सांगणार नाही. तिथे विमानाचा फॉर्म होता, गाडीचा होता, माणसाचा होता. बॅरलचा नव्हता. 'अर्ज द्या.' कोणाला? 'साहेबांना.' साहेब कुठे आहेत? 'मीटिंगला.' अर्ज नव्हे, गाऱ्हाणंच घातलं मी, फक्त नारळ तेवढा ठेवला नाही. दुपारी साहेब आले, अर्ज वाचला आणि म्हणाले यात 'बॅरल' लिहिलंय, आमच्याकडे 'कंटेनर' म्हणतात. परत लिहा. परत लिहिला तर सहीचा शिक्का दुसऱ्या टेबलावर, आणि ते टेबल सुट्टीवर! टेम्पोवाला गेटबाहेर फणसाखाली बॅरलला टेकून झोपलेला. ज्वालाग्राही मालाजवळ. त्यावर मात्र कोणालाच अर्ज नको होता.

तिसऱ्या दिवशी हातपंपाने भरलं. आधी अर्थिंगची वायर लावली, फनेलवर शॅमॉय लेदर धरलं, काचेच्या बरणीत नमुना घेऊन निळा रंग उन्हात धरून बघितला, मगच झाकण उघडलं. बॅरल, टेम्पो, पार्किंग आणि लॉज मिळून विमानाच्या भाड्याच्या तिप्पट पैसे गेले. मावशी-काका पहिल्याच संध्याकाळी एसटीने निघून गेले, हापूसच्या दोन पेट्या घेऊन. आम्ही पोचलो तेव्हा अर्धी पेटी संपली होती.

तेव्हा माझं मत, पटलं तर घ्या. किनाऱ्यावर इंधन मिळणारच नाही असं धरून घरून निघा. त्यासाठी चौघांतला एक कमी करावा लागला तर करा. रुसतो, दोन दिवसांनी बोलायला लागतो. आणि 'जाताना विरोधात असलेला वारा येताना भरून देईल' हा हिशेब करू नका. १८० नॉटिकल मैल जायचं आणि तेवढंच यायचं असेल तर वारा नसताना ११० नॉटने ३ तास १६ मिनिटं लागतात. २० नॉटचा वारा असेल तर जाताना २ तास, येताना १ तास २३. सात मिनिटं गेली ती गेलीच, आणि तीही वारा संध्याकाळपर्यंत तसाच राहिला तर.

डिपस्टिक त्याच विमानाची आहे ना ते आधी बघा. आमच्या क्लबात दोन विमानांच्या पट्ट्या एकाच डब्यात पडलेल्या असायच्या. आणि विमान एका अंगाला कललेलं उभं असेल तर मोजू नका, सपाटीवर ढकला, थोडा वेळ थांबा, मग मोजा.

कुठल्या महिन्यात जाताय ते लिहिलेलं नाही तुम्ही. एप्रिल-मे असेल तर सकाळी सातला उडा, वारा उठायच्या आत उतराल. आणि पेट्या एसटीनेच पाठवा.