योनिमुखाचा मेलानोमा आणि इम्युनोथेरपी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आईच्या योनिमुखावरील मेलानोमा फुप्फुसांत पसरला आहे. जिथे ऊन पोहोचत नाही, तिथे हा आजार कसा झाला? त्वचेच्या मेलानोमाची औषधे तिला लागू पडतील का?

उत्तर : मेलानोमा हा रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशींचा कर्करोग आहे. या पेशी शरीराच्या आतील नाजूक अस्तरातही असतात, त्यामुळे उन्हाशी संबंध नसतानाही तिथे मेलानोमा उद्भवू शकतो. आईची स्वच्छता किंवा वागणूक यांत याचे कारण शोधू नये. असा संशय घरात फार बोलला जातो आणि तो निराधार आहे. उन्हामुळे होणाऱ्या मेलानोमात जनुकीय बदल पुष्कळ असतात आणि त्यांच्यामुळेच प्रतिकारशक्तीला गाठ परकी वाटते. इथे ते बदल कमी असल्याने औषधे तीच, म्हणजे प्रतिकारशक्तीला कर्करोगाविरुद्ध लढायला लावणारी इम्युनोथेरपी असली, तरी प्रतिसाद तुलनेने कमी मिळतो. गाठीची जनुकीय तपासणी मात्र करून घ्यावी, कारण केआयटी जनुकातील बदल आढळल्यास इमॅटिनिबसारख्या गोळ्यांचा पर्याय उपलब्ध होतो.

प्रश्न : डॉक्टर दोन औषधे एकत्र सुचवतात. एक पुरेसे नाही का?

उत्तर : निवोलुमॅब आणि इपिलिमुमॅब ही इम्युनोथेरपीची औषधे टी-पेशींवरचे, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या लढाऊ पेशींना आवरून धरणारे, दोन वेगवेगळे ब्रेक सैल करतात. अस्तरातील मेलानोमाच्या रुग्णांवरील २०१७ सालच्या एकत्रित विश्लेषणात दोन्ही औषधे मिळून सुमारे ३७ टक्के, तर एकट्या निवोलुमॅबने सुमारे २३ टक्के रुग्णांची गाठ लक्षणीय आकसली. मात्र तीव्र दुष्परिणाम अनुक्रमे सुमारे ४० आणि ८ टक्के रुग्णांना झाले. प्रकृती धडधाकट असेल आणि रुग्णालय जवळ असेल, तर माझा कल दोन औषधांकडे आहे. वय झालेल्या किंवा अशक्त रुग्णाच्या बाबतीत मी तसे सहज म्हणणार नाही.

प्रश्न : दुसऱ्या डोसनंतर पत्नीला दिवसातून पाच-सहा वेळा जुलाब होतात. घरातली गोळी द्यावी का?

उत्तर : आधी कर्करोगतज्ज्ञांना कळवा, तेही आजच. सैल झालेली प्रतिकारशक्ती आतड्यावरच उलटल्याने असे होऊ शकते. जुलाब नुसते थांबवल्यास आजार झाकला जातो, तर वेळेवर स्टेरॉइड दिल्यास तो बहुधा आटोक्यात येतो. दम लागणे, कावीळ, तीव्र डोकेदुखी किंवा अवाजवी थकवा यांसाठीही हेच लागू आहे, आणि उपचार थांबल्यानंतर काही महिन्यांनीही ही लक्षणे उद्भवू शकतात.

प्रश्न : पहिल्या स्कॅनमध्ये गाठ मोठी दिसली. औषध निकामी ठरले का?

उत्तर : कधीकधी प्रतिकारपेशी गाठीत शिरल्यानेही ती फुगलेली दिसते, पण असे क्वचितच घडते. रुग्णाची तब्येत टिकून असेल, तर चार ते आठ आठवड्यांनी पुन्हा स्कॅन करून निर्णय घेतात; वेदना वाढत असतील आणि वजन घटत असेल, तर तेवढी वाट पाहू नये.