वाचकांचे प्रश्न: उपग्रह असताना झाडाला टेप कशाला लावायची?

प्रश्न (चिपळूणहून एक वाचक): आता म्हणे उपग्रहावरून जगातलं झाडन् झाड दिसतं, मग रिसर्चवाले अजून जंगलात खोडं का मोजत बसतात?

उत्तर: झाडन् झाड नाही दिसत हो, वरचा हिरवा पसारा दिसतो आणि खरी भानगड तिथंच आहे. तमिळनाडूतलं मुदुमलाई घ्या. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या रमण सुकुमार आणि त्यांच्या टीमनं 1988 मध्ये तिथं 50 हेक्टरचा तुकडा आखला आणि त्यातल्या 1 सेंटिमीटर किंवा त्याहून जाड अशा प्रत्येक खोडाला नंबर दिला, म्हणजे करंगळीएवढं रोपसुद्धा सोडलं नाही! झाडं बरीचशी आपल्या ओळखीचीच, साग, ऐन, धावडा, नाणा. मग तीच तीच झाडं वर्षानुवर्षं परत जाऊन बघायची, कोण मेलं, कशानं मेलं, नवीन कोण आलं. त्यातून कळलं की हत्तींनी वारंग आणि मुरुडशेंग मोडून मोडून खाल्ली आणि त्यांची संख्या पार घसरली. वणव्यात बारीक खोडं आधी जातात, जाडी बहुतेक तगतात, आणि गेलेल्यांपैकी बरीच बुडातून परत फुटतात. आता वरची सागाची छत्री जशीच्या तशी असेल तर उपग्रहाला यातलं काय कळणार? खाली घाणेरीचं तण माजलं तरी फोटोत हिरवंच.

उपग्रह बिनकामाचे असं अजिबात म्हणायचं नाहीये मला. नासाचं जेडी नावाचं यंत्र डिसेंबर 2018 मध्ये अंतराळ स्थानकावर पोचलं, ते खाली लेसर सोडून साधारण 25 मीटर रुंद गोलातल्या झाडांची उंची काढतं, एवढ्या मोठ्या प्रदेशात टेप घेऊन कोण फिरणार. पण त्या उंचीवरून लाकूड किती आणि कार्बन किती हे काढायला जे सूत्र लागतं ते कुणीतरी जमिनीवर उभं राहून मोजलेल्या झाडांवरूनच बनतं. म्हणजे टेप सुटत नाही ती नाहीच.

प्रश्न (साताऱ्याहून एक शिक्षिका): झाड दोन-दोनशे वर्षं जगतं आणि शास्त्रज्ञाची नोकरी तीस-पस्तीस वर्षांची. मग जंगल कसं बदलतं हे कळणार तरी कसं?

उत्तर: यावर एक शॉर्टकट आहे, खूप वापरला जातो. वेगवेगळ्या वयाची जंगलं शोधायची, दहा वर्षांचं, पन्नास, शंभर, आणि ती ओळीनं लावून जणू एकच जंगल मोठं होतंय असं समजायचं. सोयीचं आहे पण फसवतं. अलास्कातल्या ग्लेशियर बे मध्ये हिमनदी मागे सरकत गेली, त्यामुळे तिच्या तोंडाजवळची जमीन नवी आणि लांबची जुनी, आणि वर्षानुवर्षं असं धरलं गेलं की नव्या जागेकडून जुनीकडे चालत गेलं की जंगलाचा अख्खा इतिहास क्रमानं दिसतो. मग 1995 मध्ये ख्रिस फास्टी या संशोधकानं तिथल्या झाडांच्या खोडातली वर्तुळं मोजली (दर वर्षी एक पडतं, त्यावरून वय कळतं) आणि निघालं भलतंच, सगळ्यात जुन्या जागांवर स्प्रूस (सुईसारख्या पानांची झाडं) सुरुवातीलाच दाट उगवले होते, नव्या जागांवरचे टप्पे त्यांनी बघितलेच नव्हते. बी देणारी झाडं किती लांब होती यावर बरंच काही ठरलं होतं.

म्हणून माझं मत विचाराल तर एका जागी ठाण मांडून मोजत राहण्याला पर्याय नाही, माणूस रिटायर झाला की वही पुढच्याच्या हातात द्यायची. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरला हबर्ड ब्रूक म्हणून जंगल आहे, तिथं लायकेन्स, बोरमन हे शास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी 1963 पासून पाऊस आणि ओढ्याचं पाणी तपासायला लागले. डोकं बघा, खालचा खडक पाणी फारसं मुरू देत नाही, त्यामुळे ओढ्यावर बांध घातला की त्या खोऱ्यात आलं किती आणि गेलं किती याचा हिशेब लागतो. 1965 च्या हिवाळ्यात त्यांनी एका खोऱ्यातली सगळी झाडं तोडली, वर तणनाशक मारून पुढची काही वर्षं काही उगवू दिलं नाही, तर ओढ्यात नायट्रेट (मातीतून विरघळून येणारं नत्र) इतकं वाढलं की पिण्याच्या पाण्याची मर्यादा ओलांडली. उभं जंगल काय धरून ठेवतं ते तेव्हा आकड्यात दिसलं. उत्तर अमेरिकेतल्या आम्ल पावसाचा सुगावाही तिथल्याच पावसाच्या नमुन्यांतून लागला, आणि या पावसानं मातीतलं कॅल्शियम धुऊन नेलं हे कळायला तर कित्येक वर्षांच्या नोंदी लागल्या. 1999 मध्ये मग एका खोऱ्यावर हेलिकॉप्टरनं कॅल्शियम टाकून बघितलं आणि तिथली शुगर मेपलची झाडं सुधारली.

प्रश्न (नागपूरहून): वर्तुळं मोजून सगळ्याच झाडांचं वय कळतं का?

उत्तर: नाही. आपल्याकडच्या बऱ्याच झाडांत वर्तुळं धड दिसत नाहीत. साग अपवाद, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत सागाच्या वर्तुळांवरून जुन्या पावसाचा अंदाज काढायचं काम झालंय.

प्रश्न (राजापूरहून काही तरुण): आमच्या गावच्या देवराईत आम्ही असं काही सुरू करू शकतो का?

उत्तर: करा की! पण आधी गावाला विचारा, काही राईत पडलेली काडीसुद्धा उचलत नाहीत, तिथं नंबरपट्टीचा खिळा ठोकायला गेलात तर पहिल्याच दिवशी काम बंद. अशा ठिकाणी झाडाची जागा नकाशावर मांडून नंबर कागदावरच ठेवा. सगळी झाडं घेऊ नका, एक छोटा तुकडा आखा आणि 10 सेंटिमीटरहून जाड खोडंच धरा, नाहीतर दुसऱ्या वर्षी कुणी येणार नाही. घेर जमिनीपासून 1.3 मीटरवर मोजायचा, उतारावर वरच्या बाजूनं, आणि कुठं मोजला ते लिहून ठेवायचं. मेलेल्या झाडाची नोंद खोडू नका, तीच पुढं जास्त कामाची. आणि दरवेळी महिना तोच ठेवा, पावसाळ्यात खोड पाणी पिऊन फुगतं, उन्हाळ्यात आक्रसतं, एकदा मे मध्ये आणि एकदा ऑगस्टमध्ये मोजलंत तर झाड वाढलं म्हणून उगाच खूश व्हाल.