पीआयपीचं अपील अडकलंय आणि केअरर्स अलाउन्सही बंद, तोवर काय करायचं?

तुमच्या मिस्टरांचा पीआयपी (ब्रिटनमधला आजार-अपंगत्वासाठीचा सरकारी भत्ता) रिव्ह्यूत बंद झाला, पाठोपाठ तुमचा केअरर्स अलाउन्स (अशा माणसाला सांभाळणाऱ्याचा भत्ता) गेला आणि ट्रिब्युनलच्या तारखेचा पत्ता नाही. माझ्या भावाच्या वेळी आमचं डिट्टो हेच झालं होतं. मँडेटरी रिकन्सिडरेशन (अपिलाआधी खात्याकडूनच निर्णय पुन्हा तपासून घेणं) वगैरे तुमचं झालंच असणार, ते सोडतो.

एक गोष्ट मात्र आत्ताच लिहून फ्रीजवर चिकटवा. अपील जिंकलात तरी केअरर्स अलाउन्स आपोआप सुरू होत नाही! नवा क्लेम करावा लागतो, तोही पीआयपी मंजूर केल्याच्या निर्णयापासून ३ महिन्यांच्या आत, मग पीआयपी जिथून मंजूर झाला तिथपासूनचे पैसे मिळतात (पीआयपीतला डेली लिव्हिंगचा, म्हणजे रोजच्या कामांसाठीचा भाग मिळायला हवा, नुसत्या मोबिलिटीवर, म्हणजे हिंडण्याफिरण्याच्या भागावर नाही). उशीर झाला की क्लेमच्या तारखेपासून जास्तीत जास्त ३ महिने मागचे, बाकीवर पाणी. आम्हाला एका सल्ला केंद्रात, नाव नाही घेत, छातीठोकपणे सांगितलं होतं की सिस्टिममध्ये सगळं जोडलेलं असतं, आधी भावाची थकबाकी जमा होऊ दे, तुमचं मागाहून येईलच, उगाच फॉर्म भरून घोळ करू नका. थकबाकी आली रमतगमत, आणि मग तिथलीच दुसरी बाई मला विचारते, तुम्ही क्लेम का नाही केला? तुम्हीच नको म्हणालात हे लेखी द्या म्हटलं तर सगळे गप्प. अजून आठवलं की डोकं फिरतं. तेव्हा कोणीही 'आपोआप होईल' म्हणालं की तिथून उठा.

अपील चालू असताना नोकरी धरलीत तर पेस्लिपा जपा. मागचे पैसे देताना त्या त्या आठवड्याची कमाई बघतात, एप्रिल २०२५ पासून मर्यादा १९६ पौंड होती (दरवर्षी बदलते), एक पौंड जरी वर गेला तरी त्या आठवड्याचं सगळंच जातं. पण म्हणून काम नाकारू नका असं माझं मत, घर आज चालवायचंय.

मधल्या काळासाठी युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्नवाल्यांसाठीची सरकारी मदत) बघा, बचत १६,००० पौंडांच्या आत असेल तर. त्यातलं केअरर एलिमेंट (सांभाळणाऱ्याची जादा रक्कम) पीआयपीशिवाय मिळणार नाही, तरी वर्क कोचला (तुमची केस बघणाऱ्या जॉबसेंटरच्या माणसाला) सांभाळण्याचे तास सांगून ऑनलाइन जर्नलमध्ये टाका. काउन्सिलकडून (तुमच्या भागातल्या पालिकेकडून) केअरर्स असेसमेंट, म्हणजे सांभाळणाऱ्याला काय मदत हवी याची पाहणी, मागा, त्याला पीआयपी लागत नाही, हे काउन्सिलवालेही कधीकधी विसरतात. काउन्सिल टॅक्स रिडक्शनचंही (पालिकेच्या घरावरच्या करातल्या सवलतीचंही) विचारा. आणि केअरर्स क्रेडिट! पैसे नाहीत त्यात, पण सरकारी पेन्शनसाठी मोजली जाणारी नॅशनल इन्शुरन्सची (वर्गणीची) वर्षं वाचतात, सांभाळण्याचे आठवड्याला २० तास पुरतात आणि पीआयपी नसला तर जीपी (फॅमिली डॉक्टर) किंवा सोशल वर्करच्या सहीचं सर्टिफिकेट चालतं.

मी वकील नाही, जे भोगलं ते सांगतोय. व्हिसावर 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स' (सरकारी भत्ते घेता येणार नाहीत अशी अट) असेल तर यातलं काहीही भरण्याआधी इमिग्रेशनवाल्याला विचारा, प्लीज. आणि स्कॉटलंडमध्ये असाल तर सांगा, तिथे चालू असलेलं अ‍ॅडल्ट डिसेबिलिटी पेमेंट (तिथला पीआयपीच्या जागचा भत्ता) कापलं तर अपील संपेपर्यंत शॉर्ट टर्म असिस्टन्स (तात्पुरता आधार) मागता येतो, हरलात तरी परत करावा लागत नाही. इंग्लंडात तेवढी माणुसकी नाही.