समुद्रकिनाऱ्यालगत वाळूची जमीन आणि खारा वारा असताना दोन-तीन गुंठ्यांत भाजीपाला होईल का?

होईल, पण बियाणं आणायच्या आधी वाऱ्याचा बंदोबस्त करा. बहुतेक जण खत-मातीपासून सुरुवात करतात आणि पहिल्याच वादळी आठवड्यात रोपं करपतात. पानाच्या कडेवरून बोट फिरवून जिभेला लावून बघा, खारट लागलं तर दोष खताचा नाही.

भक्कम भिंत मात्र नको. तिच्यावरून आलेला वारा पलीकडे भोवऱ्यासारखा आपटतो. निम्मा वारा आरपार जाऊ देणारी जाळी किंवा झुडपांची दाट रांग बरी. तिच्या उंचीच्या साधारण दहापट अंतरापर्यंत आडोसा मिळतो. जोराच्या वाऱ्यानंतर पानं गोड्या पाण्यानं धुवा.

वाळूत पाणी आणि खत टिकत नाही, म्हणून कुजलेलं कंपोस्ट दर हंगामात घालत राहावं लागतं, एकदा घालून भागत नाही. वर पालापाचोळ्याचं जाड आच्छादन हवंच. उघडी माती तापली की पाणी उडून जातं आणि क्षार वर येऊन बसतात. वाहून आलेलं समुद्री शेवाळ मिळालं तर धुऊन कंपोस्टमध्ये टाका, पोटॅश चांगलं मिळतं.

विहिरीच्या पाण्याची ईसी, म्हणजे विद्युतवाहकतेवरून काढलेलं क्षारांचं माप, तपासून घ्या. बीट मीटरला ४ डेसिसिमेन्सपर्यंतची (हे ईसीचं एकक) मातीतली क्षारता सोसतं, घेवडा आणि गाजर १ च्या पुढे गेलं की उत्पन्नात मार खातात. पहिल्या वर्षी बीट, पालक, कोबी एवढंच लावा. घेवड्याचा मोह आवरा.