मला आजवर कोणाबद्दलच शारीरिक आकर्षण वाटलेलं नाही. हा दोष आहे, की असेक्शुअल असणं ही खरंच एक लैंगिकता आहे?

तुमचा प्रश्न वाचून हसू आलं, राग मानू नका. वय २७, घरी स्थळं बघणं सुरू, मित्र म्हणतात 'लग्न झालं की सगळं आपोआप सुरू होतं', आणि तुम्हाला मुलगी काय, मुलगा काय, कोणाचीच ओढ वाटलेली नाही. मी तुमच्याच वयाचा असताना सायबर कॅफेत बसून अगदी हेच टाइप केलं होतं. शेजारचा माणूस वाकून बघतोय असं वाटलं आणि अर्ध्यातच खिडकी बंद केली. आता मी ४३ वर्षांचा आहे, तेव्हा उत्तर पूर्ण लिहितो.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. मराठीत 'अलैंगिक' म्हटलं की शाळेतलं विज्ञानाचं पुस्तक आठवतं: अमीबा, हायड्रा, मुकुलायन. माझा दोन भागांत विभागायचा काही विचार नाही, म्हणून मी आपला असेक्शुअल हाच शब्द वापरतो. अर्थ सरळ आहे: कोणाहीबद्दल लैंगिक आकर्षण न वाटणं, किंवा अगदी क्वचित वाटणं.

इंजिनिअरिंगला हॉस्टेलवर आमच्या खोलीत रात्री मैफल जमायची. वर्गातल्या मुलींपैकी प्रत्येकाने आपली 'पहिली तीन' नावं सांगायची. माझी पाळी आली की मी आधीच्या दोघांची नावं क्रम बदलून सांगायचो, पेपरात शेजाऱ्याचं बघून लिहावं तसं. चार वर्षं खपलं. गंमत म्हणजे आपण काही लपवतोय असं मला वाटतच नव्हतं. मला वाटायचं, बाकीचेही वाढवूनच सांगतायत, चारचौघांत असंच बोलायचं असतं. 'तिला बघितलं आणि झोप उडाली' हे मी 'पोटात कावळे ओरडतायत' यासारखं धरून चाललो होतो. त्या पोराची खरोखर झोप उडत होती, हे कळायला मला तिशी गाठावी लागली.

आता मुख्य मुद्दा. ओढ कोणाकडे वाटते, यावरून लैंगिक कल ठरतो. कोणी काय करतो किंवा करत नाही, त्यावरून नाही. समलिंगी माणूस जन्मभर एकटा राहिला तरी समलिंगीच असतो. तोच नियम इथे लावा. 'कोणाकडे?' याला माझं उत्तर 'कोणाकडेच नाही' असं आहे, आणि ते पहिल्यापासून तसंच आहे. म्हणून हा कल. लोक ब्रह्मचर्याशी गल्लत करतात. माझी एक मावशी तर 'पूर्वजन्मीचा योगी' म्हणून माझं कौतुक करते. पण एकादशी धरलेल्याला साबुदाण्याची खिचडी खाताना वरणभात आठवतो. मला आठवतच नाही, तर त्याला उपास कसा म्हणायचा?

ही इंटरनेटवरच्या पोरांची नवी टूम आहे, असंही कोणी सांगेल. अमेरिकेत आल्फ्रेड किन्सी यांनी १९४८ साली पुरुषांच्या लैंगिक वर्तनाचा मोठा अभ्यास छापला. त्यात त्यांनी माणसं ० ते ६ अशा पट्टीवर मांडली: शून्य म्हणजे फक्त भिन्नलिंगी, सहा म्हणजे फक्त समलिंगी. काही माणसं पट्टीवर कुठेच बसेनात, तेव्हा त्यांच्यासाठी 'एक्स' असा वेगळा खण केला. डेव्हिड जे या तरुणाने असेक्शुअल लोकांसाठी 'एव्हन' हे संकेतस्थळ सुरू केलं ते २००१ मध्ये, तोवर त्या खणातल्या बहुतेकांना आपल्यासारखं आणखी कोणी आहे याचा पत्ताच नव्हता. २००४ मध्ये कॅनडाचे संशोधक अँथनी बोगार्ट यांनी ब्रिटनमधल्या १८,००० हून अधिक लोकांच्या पाहणीतले आकडे तपासले. 'मला कधीच कोणाबद्दल लैंगिक आकर्षण वाटलेलं नाही' असं म्हणणारे साधारण १ टक्का निघाले. आकडा तिकडचा, पण तोच धरला तर ५०० पानांच्या लग्नात पाच जण पंगतीला बसलेले असतात आणि त्यांनाही 'आता तुझा नंबर' म्हणून कोणीतरी कोपर मारत असतं.

दोष आहे का, हे मला डॉक्टरांकडूनच ऐकायचं होतं. २८ व्या वर्षी गेलो. त्यांनी टेस्टोस्टेरॉन, थायरॉइड, साखर, सगळं तपासायला लावलं. रिपोर्ट नॉर्मल. मग पडदा ओढून हळू आवाजात विचारलं, सकाळी उठल्यावर शरीर साथ देतं ना? देतं, म्हटलं. 'मग अडचण काय? लग्न करून टाका.' म्हणजे अडचण घेऊन गेलो होतो आणि तीच औषध म्हणून परत मिळाली. नपुंसकता म्हणजे शरीर चालत नाही. माझं चालतं, पण कोणाला पाहून चालत नाही, एवढाच फरक. कॅनडातल्याच संशोधक लोरी ब्रॉटो यांच्या प्रयोगात असेक्शुअल स्त्रियांच्या शरीराचा प्रतिसाद इतर स्त्रियांसारखाच आढळला होता. आणि अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेत, डीएसएम-५ मध्ये, स्पष्ट म्हटलंय की माणूस स्वतःला असेक्शुअल म्हणत असेल आणि इच्छा नसण्याचं कारण तेच असेल, तर लैंगिक इच्छेच्या विकाराचं निदान करू नये. मात्र आधी ओढ वाटत होती आणि अलीकडे अचानक गेली, असं असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा नैराश्य, थायरॉइड, चालू गोळ्या, हे जरूर बघून घ्या.

प्रेम होतं का? मला झालं, एकदा. तिच्या शेजारी बसून तासन्‌तास बोलावंसं वाटायचं, हात हातात असावा वाटायचं, त्यापुढचं पान कोरंच. काहींना तेवढंही नको असतं, ते अरोमँटिक. काहींना ओळख चांगली मुरल्यावरच ओढ वाटते, ते डेमीसेक्शुअल. शब्द बरेच आहेत, अंगाला बसेल तो घ्या.

स्थळांचं मात्र गांभीर्याने घ्या. मुलीला अंधारात ठेवून बोहल्यावर चढू नका. तिच्या आयुष्याचा प्रश्न आहे, हे तर झालंच, शिवाय कायदाही आहे. समर घोष विरुद्ध जया घोष खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये म्हटलं की शारीरिक असमर्थता किंवा सबळ कारण नसताना जोडीदाराने एकतर्फी ठरवून दीर्घकाळ संबंध नाकारले, तर ती मानसिक क्रूरता ठरू शकते. घरच्यांना सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. मी आईला सांगितलं तेव्हा तिने त्यातलं एक अक्षरही विचारलं नाही. 'तू आजारी पडलास तर चहा कोण करून देणार?' एवढंच म्हणाली, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही.

त्याआधी मी एका मुलीला सांगितलं होतं. कांदेपोहे झाल्यावर दोघांना बाहेर बोलायला पाठवतात ना, तेव्हा. घशाला कोरड पडलेली. तिने रस्त्याकडे बघत सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे मीच नाही, कोणीच नाही?" कोणीच नाही, म्हटलं. "बरं," म्हणाली आणि चप्पल घालून पुढे निघाली. चार दिवसांनी त्यांच्याकडून फोन आला: पत्रिका दुसऱ्या गुरुजींना दाखवली, एकनाड निघते, क्षमा असावी. पहिल्या गुरुजींनी ३६ पैकी ३१ गुण जुळवले होते. एकनाड असती तर नाडीचे ८ गुण गेले असते आणि २८ च्या वर जाताच आले नसते. आमच्या घरात हा हिशेब कोणी केला नाही. मी केला, आणि गप्प बसलो.