उन्हातले ११३ किलोमीटर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझे वय ४१ आहे. गेल्या वर्षी मी पहिली अर्ध-अंतर ट्रायथलॉन सपाट मार्गावर, थंड हवेत, ६ तास १० मिनिटांत पूर्ण केली. पोहायला ४५ मिनिटे, सायकलला ३ तास १५ मिनिटे आणि धावायला २ तास २ मिनिटे लागली. बाकीचा वेळ दोन ट्रान्झिशनमध्ये, म्हणजे पोहण्यातून सायकलवर आणि सायकलवरून धावण्याकडे जाताना, गेला. आता दहा आठवड्यांनी होणाऱ्या एका स्पर्धेत नाव नोंदवले आहे. तिथे सायकलच्या मार्गावर एकूण १,२०० मीटर चढ आहे, धावण्याचा मार्गही चढउतारांचा आहे आणि दुपारी तापमान ३४ अंशांपर्यंत जाते. सहा तासांच्या आत येण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. ते योग्य आहे का आणि तयारीत काय बदल करावा?

उत्तर : आपली तयारी चांगली आहे हे आकड्यांवरून दिसते, पण सहा तासांचे उद्दिष्ट या स्पर्धेपुरते बाजूला ठेवावे, असे मी स्पष्टच सांगतो. १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे ही अंतरे कागदावर तीच असली तरी ऊन आणि चढ एकत्र आले की ती स्पर्धा निराळी होते. आपली आजची क्षमता तशीच राहील असे धरले तर सायकलला पावणेचार तासांच्या आसपास, धावण्याला अडीच तासांच्या आसपास आणि एकूण सात ते साडेसात तास, असा अंदाज मी बांधेन. बऱ्याच स्पर्धांची कट-ऑफ वेळ, म्हणजे जिच्या आत न आल्यास स्पर्धक बाद होतो ती वेळ, साडेआठ तासांच्या जवळपास असते, त्यामुळे घाई करण्याचे कारण नाही. मात्र आपल्या स्पर्धेतील पोहण्याची आणि सायकलची स्वतंत्र कट-ऑफ वेळ आधी पाहून ठेवावी.

वेळ इतका का वाढतो, हे नीट समजले तर पुढचे सगळे निर्णय सोपे होतात. सायकल चालवताना शरीर खर्च करीत असलेल्या ऊर्जेपैकी जेमतेम पाचवा ते चौथा हिस्सा पेडलपर्यंत पोहोचतो आणि उरलेल्याची उष्णता होते. म्हणजे आपण १८० वॉटने पेडल मारत असाल तर त्याच वेळी अंगात सहाशेहून अधिक वॉट उष्णता तयार होत असते. ती बाहेर पडलीच नाही, तर ७० किलो वजनाच्या माणसाचे शरीर सात मिनिटांच्या आत एक अंशाने तापेल. एवढी उष्णता केवळ घामाने घालवायची तर तासाला साधारण एक लिटर घाम अंगावरून पूर्णपणे वाळून जावा लागतो. अंगावरून टपकणाऱ्या घामाचा काही उपयोग होत नाही, आणि म्हणूनच ३४ अंशांच्या कोरड्या हवेपेक्षा ३० अंशांची दमट हवा कधी कधी जास्त जाच करते.

आता यात चढ आणून पाहा. सपाट रस्त्यावर ताशी ३० किलोमीटरने जाताना समोरून येणारा वारा घाम वाळवत असतो. सहा टक्क्यांच्या चढावर त्याच १८० वॉटमध्ये वेग ताशी १२ किलोमीटरच्या आसपास येतो, वारा जवळजवळ थांबतो आणि उष्णता मात्र तेवढीच तयार होत राहते. त्यात चढ लागला की बहुतेक जण नकळत जोर वाढवतात, शेजारून कोणी पुढे गेले तर आणखी वाढवतात. म्हणजे ज्या जागी अंग थंड राखणे सर्वांत कठीण, नेमक्या त्याच जागी आपण सर्वांत जास्त उष्णता तयार करतो. अशा स्पर्धांतले धावणे बिघडते ते धावण्याच्या मार्गावर नव्हे. सायकलच्या पहिल्या दोन-तीन चढांवरच ते बिघडलेले असते आणि त्याची वसुली दोन तासांनी होते.

अशा स्पर्धांमध्ये दुसऱ्या ट्रान्झिशनच्या जागी स्वयंसेवक म्हणून मी काही वेळा उभा राहिलो आहे. रॅकला टांगलेल्या सायकलींच्या बाटल्या तिथे जरूर पाहाव्यात. काही बाटल्या रिकाम्या आणि चिकट असतात, हेल्मेटच्या पट्ट्यांवर मिठाचे पांढरे डाग पडलेले असतात. काही सायकलींची दुसरी बाटली मात्र गळ्यापर्यंत भरलेली, कोमट झालेली असते. तिच्या मालकाने चढावर दम लागल्यामुळे आणि उतारावर ब्रेकवरचा हात सोडवत नसल्यामुळे पाणी प्यायलेच नसते. धावण्याच्या पाचव्या-सहाव्या किलोमीटरला चालताना दिसणाऱ्यांत हे लोक फार असतात.

म्हणून चढावर जोराला वरची मर्यादा घालून घ्या. पॉवर मीटर (पेडलवरचा जोर वॉटमध्ये दाखवणारे उपकरण) असल्यास, सपाट मार्गावर आपण सरासरी जितके वॉट ठेवता त्याहून चढावर दहा-पंधरा टक्क्यांपेक्षा वर जाऊ नये आणि एकूण सरासरीही थंड दिवसापेक्षा थोडी कमीच ठेवावी. पॉवर मीटर नसेल तर, चढावर एक पूर्ण वाक्य न अडखळता बोलता आले पाहिजे, ही कसोटी पुरेशी आहे. पहिले ३० किलोमीटर फारच सोपे वाटले तर ते बरोबर चालले आहे असे समजावे. पाणी माथ्यावर पोहोचण्याच्या जरा आधी किंवा उतार सुरू होऊन रस्ता सरळ झाल्यावर प्यावे आणि ही जागा सरावातच ठरवून टाकावी.

नव्या चाकांवर खर्च करण्याआधी गिअर तपासा. ताशी १२ किलोमीटर वेगाने पुढे ३९ दाते आणि मागे २५ दाते असतील तर पाय मिनिटाला साठेक फेरेच मारतात आणि मांड्यांवर सगळा भार येतो. पुढे ३४ आणि मागे ३२ असतील तर त्याच वेगाला नव्वद फेरे पडतात. गिअरच्या या एका बदलाने २१ किलोमीटर धावण्यासाठी मांड्या शिल्लक राहतात, आणि हा बदल स्पर्धेच्या किमान महिनाभर आधी करावा.

उन्हाची सवय ही तयारीतली सर्वांत मोलाची गोष्ट आहे आणि तीच सर्वांत जास्त टाळली जाते. दहा ते चौदा दिवस रोज तास-दीड तास उष्ण हवेत हलका सराव केला की रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते, घाम लवकर सुटू लागतो, त्यातील मीठ कमी होते आणि त्याच वेगाला नाडी कमी राहते. या सरावात वेगाचा विचार अजिबात करू नये. अंग तापणे एवढाच त्याचा हेतू आहे. स्पर्धेआधीचे शेवटचे तीन आठवडे यासाठी ठेवावेत, कारण ही सवय थांबवल्यावर दोन-तीन आठवड्यांत ओसरते. एकट्याने भर दुपारी लांब पल्ल्याला जाऊ नये. उतारावर धावण्याचाही थोडा सराव हवा. उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच आवळले जातात आणि सवय नसेल तर शेवटच्या सात किलोमीटरमध्ये उतारच नकोसा होतो. हा सराव मात्र स्पर्धेच्या दोन आठवडे आधी थांबवावा.

किती पाणी प्यावे याचे सर्वांना लागू पडणारे उत्तर नाही, पण स्वतःपुरते ते घरच्या वजनकाट्यावर काढता येते. समजा उन्हातील एक तासाच्या सरावाआधी वजन ६८ किलो भरले, अंग पुसून नंतर ६७.१ भरले आणि मध्ये अर्धा लिटर पाणी प्यायलात, तर घाम साधारण १.४ लिटर गेला. तो सगळा भरून काढण्याचा हट्ट धरू नये. बहुतेकांच्या पोटाला तासाला लिटरभर पाणीही पेलत नाही. शर्यतीत वजन थोडे घटणे स्वाभाविक आहे, वाढणे मात्र धोक्याचे आहे. गरजेपेक्षा जास्त पाणी प्यायल्याने रक्तातील सोडियम उतरते आणि त्यातून झटके येण्यापर्यंत, क्वचित मृत्यूपर्यंत, मजल जाऊ शकते. पेयात लिटरमागे ५०० ते १,००० मिलिग्रॅम सोडियम असावे. पण मिठाच्या गोळ्या घेतल्या म्हणजे कितीही पाणी चालेल, असे मात्र नाही. कर्बोदके तासाला ६० ग्रॅमच्या आसपास पुरतात. उन्हात रक्त त्वचेकडे आणि स्नायूंकडे वळलेले असल्याने पचन मंदावते, म्हणून यातील बहुतेक खाणे सायकलवर उरकावे आणि जेल (पाकिटातला दाट, गोड खाद्यपदार्थ) नेहमी साध्या पाण्याबरोबर घ्यावे. वेदनाशामक गोळ्या घेऊन शर्यतीला उभे राहू नये. घामाने पाणी कमी झालेल्या शरीरात त्यांपैकी अनेक गोळ्या मूत्रपिंडांवर भार टाकतात.

धावताना घड्याळातील वेग पाहणे सोडून द्या. प्रत्येक एड स्टेशनवर, म्हणजे मार्गावरच्या पाणी-खाण्याच्या टेबलापाशी, वीस-तीस पावले चाला, पाणी प्या, टोपीत बर्फ भरा, मान आणि बाह्या भिजवा. पाणी डोक्यावरून सरळ ओतल्यास ते बुटात उतरते आणि भिजलेल्या मोज्यांनी तळपायाला फोड येतात, म्हणून किंचित पुढे वाकून ओतावे. चढावर भरभर चालणाऱ्याचा आणि कसेबसे धावणाऱ्याचा वेग फारसा वेगळा नसतो, नाडीतला फरक मात्र मोठा असतो. १२ ते १६ किलोमीटर हा टप्पा बहुतेकांना सर्वांत कठीण जातो, तेव्हा तो आला म्हणून काही चुकले असे मानू नका.

प्रश्न : पाणी कोमट असेल तर वेटसूट (अंग उबदार आणि तरंगते ठेवणारा पोहण्याचा रबरी पोशाख) घालावा का? त्याशिवाय पोहण्याची मला भीती वाटते.

उत्तर : निर्णय बहुधा आयोजकच करतील. आयर्नमॅन या आंतरराष्ट्रीय ट्रायथलॉन मालिकेच्या नियमांनुसार पाण्याचे तापमान २४.५ अंशांच्या वर गेल्यास वेटसूट घालणारा वयोगटातील (म्हणजे व्यावसायिक नसलेला) स्पर्धक बक्षिसाला पात्र राहत नाही आणि आणखी वर गेल्यास वेटसूट घालताच येत नाही. इतर स्पर्धांच्या मर्यादा वेगळ्या असू शकतात. परवानगी असली तरी कोमट पाण्यात रबराच्या आवरणात पाऊण तास पोहणे म्हणजे पुढच्या उन्हाची उसनवारी सकाळीच सुरू करणे. आपली भीती खरी आहे आणि तिच्यावर उपाय सरावाचाच आहे: सोबतीने, उघड्या पाण्यात, वेटसूटशिवाय निदान पाच-सहा वेळा पूर्ण अंतर पोहा. सुरुवातीला गर्दीच्या कडेला राहा. छातीत दुखले किंवा श्वास जमेना, तर पाठीवर उलटून हात वर करा; मदतीच्या होडीला धरून थांबण्याची परवानगी असते, तिच्या साहाय्याने पुढे सरकता मात्र येत नाही.

प्रश्न : माझे पती अशी स्पर्धा करणार आहेत. मी मार्गाच्या कडेला उभी असेन. ते नुसते दमले आहेत की खरोखर धोक्यात आहेत, हे मी कसे ओळखावे?

उत्तर : ताई, हा प्रश्न विचारलात हे फार बरे झाले. दमलेला माणूस कुरकुर करतो, चालतो, पण आपल्या प्रश्नाचे धड उत्तर देतो. उष्माघाताची पहिली खूण वागण्यात दिसते: विसंगत बोलणे, विनाकारण चिडणे, झोकांड्या जाणे, उलट दिशेला वळणे, उन्हात थंडी वाजणे. घाम थांबलेला असेलच असे नाही. अशा स्पर्धकांना अनेकदा भरपूर घाम येत असतो, म्हणून ओली त्वचा पाहून निश्चिंत राहू नका. त्यांना सोपा प्रश्न विचारा, उदाहरणार्थ कितवा किलोमीटर चालू आहे. उत्तर जुळत नसेल तर लगेच वैद्यकीय पथकाला हाक मारा. बाहेरच्या व्यक्तीने पाणी किंवा खाणे दिल्यास स्पर्धक बाद होऊ शकतो, हा नियम अशा प्रसंगी मनात आणू नका. शरीराचे आतील तापमान ४० अंशांच्या वर गेलेले असेल आणि भान सुटत असेल तर हाती फारच थोडी मिनिटे असतात. पथक येईपर्यंत त्यांना सावलीत आडवे करा, कपडे सैल करा, मिळेल तेवढे थंड पाणी आणि बर्फ अंगभर लावत राहा, वारा घाला, आणि भान नसेल तर तोंडात पाणी घालू नका. वैद्यकीय तंबूत बर्फाच्या पाण्याचा टब असेल तर आधी त्यात बुडवून अंग थंड करतात आणि मगच रुग्णालयात हलवतात. रुग्णवाहिका दारात उभी असतानाही डॉक्टर तसे करू लागले, तर त्यांना अडवू नका.