'कोप'च्या मागे 'अप' कशाला?

'तोंड देणे' या अर्थी इंग्रजीत 'कोप विथ' म्हणावे की 'कोप अप विथ', आणि फ्रेझल व्हर्बचे, म्हणजे क्रियापद आणि 'अप', 'डाउन' अशा छोट्या शब्दाच्या जोडीचे, कर्म मध्ये घालावे की शेवटी, असा दुहेरी प्रश्न एका वाचकाने विचारला आहे. 'कोप अप विथ' चूक आहे. गेल्याच आठवड्यात तपासायला आलेल्या एका नोकरीच्या अर्जात 'आय कॅन कोप अप विथ प्रेशर' असे होते, मी 'अप'वर काट मारली, तेव्हा अर्जदार मुलीने विचारले, "मग वाक्य अपुरे नाही का वाटत?"

ते अपुरे का नाही, हे व्युत्पत्ती सांगते. ग्रीक 'कोलाफोस' म्हणजे ठोसा. तो लॅटिनमधून फ्रेंचमध्ये गेला आणि त्याचा 'कू' झाला. सत्ता उलथवल्याच्या बातम्यांत आपण वाचतो तोच हा 'कू'. त्यावरून बनलेले ठोसे मारण्याचे क्रियापद इंग्रजीत 'कोप' होऊन आले. आपल्या रागाच्या 'कोपा'शी त्याचे नाते नाही. म्हणजे 'कोप विथ' हे मुळात कोणाशी तरी हातघाईवर येणे होय. आपण 'संकटाशी दोन हात करणे' म्हणतो तेव्हा चित्र हुबेहूब तेच असते आणि 'विथ'चे काम आपला 'शी' चोख करतो. या झुंजीत 'अप'ला जागाच नाही.

माझ्या मते हा 'अप' 'पुट अप विथ', 'कीप अप विथ' आणि 'कॅच अप विथ' या शेजाऱ्यांकडून आला. 'ईट अप' म्हणजे 'खाऊन टाकणे', तसाच हा पूर्णत्वदर्शक 'अप' आहे, असे जे सांगतात त्यांचे म्हणणे मला मुळीच पटत नाही, कारण तो 'अप' आपल्यामागे 'विथ' ओढून आणत नाही. याला भारतीय इंग्रजी म्हणून मान्यता द्यावी, हेही मला अमान्य आहे. 'प्रीपोन'ने (ठरलेली वेळ अलीकडे आणणे) एक उणीव भरून काढली, येथे उणीवच नव्हती. क्रियापदांच्या या जोड्या परकीयांना फार जड जातात, हे इंग्रजी कोशकार सॅम्युएल जॉन्सनने आपल्या 1755च्या कोशाच्या प्रस्तावनेतच नोंदवले होते. म्हणून तर त्या नुसत्या पाठ न करता त्यांचे मूळ पाहावे.

राहिले कर्म. 'टर्न डाउन'मधले (नाकारणे) 'डाउन' क्रियाविशेषण आहे, म्हणून 'टर्न डाउन द ऑफर' आणि 'टर्न द ऑफर डाउन' दोन्ही चालतात. सर्वनाम असेल तर मात्र 'टर्न इट डाउन' एवढेच. 'विथ' मात्र आपल्या 'शी'सारखा कर्माला जोडलेला असतो, त्याचा हात सोडत नाही, म्हणून 'कोप विथ इट'.